काकूंचा न वाजणारा डबा

“घरातच नाही, तर डोक्यात कुठून येणार?”

बँकेतल्या साहेबांच्या बायकोनं हे माझ्या आईच्या कानात म्हटलं होतं. पण मुलींचा गलका नेमका तेव्हाच थांबला आणि ते वाक्य काकूंच्या ओसरीभर सगळ्यांना ऐकू गेलं. मी आईच्या मागेच उभी होते. समोर रंजू खाऊच्या बंद डब्याला नाक लावून बसली होती. तिनं वर पाहिलं नाही, फक्त डबा हळूच खाली ठेवला.

काकूंनी चष्मा काढला. काकू हसायच्या आधी चष्मा काढून पदरात घेत असत. मोठ्यानं हसल्या की तो नाकावरून घसरायचा, म्हणून ही आधीचीच तयारी. चष्मा निघाला की आम्हा मुलींना कळायचं, आता काहीतरी होणार.

“उद्याही भुलाबाई माह्याच घरी,” काकू म्हणाल्या. “पाळी मोडली तं मोडली. भुलाबाईले मी समजावीन.”

ज्यांच्या गल्लीत भुलाबाई निघत असे त्यांना हे सांगायला नको. भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत रोज संध्याकाळी आम्ही समुद्रपूरच्या आमच्या गल्लीत घरोघर गाणी म्हणत फिरायचो. गाणी झाली की त्या घरचा खाऊ बंद डब्यातून यायचा, आणि तो ओळखल्याशिवाय झाकण निघायचं नाही. डबा हलवायचा, वास घ्यायचा, गोड की तिखट ते विचारायचं. त्या दिवशी काकूंच्या डब्यात नागपूरहून आणलेला केक होता. हिंगणघाटच्या इंग्रजी शाळेत जाणाऱ्या आम्हा मुलींना तो पहिल्या वासातच कळला. रंजूनं मात्र बराच वेळ हुंगून “अगरबत्ती हाये का काकू?” असं विचारलं होतं. त्यावरच ते वाक्य आलं होतं.

दुसऱ्या दिवशी डबा तोच, पण साहेबांची मुलगी मुरमुरे म्हणाली, मग कॉर्नफ्लेक्स म्हणाली, मग रुसली. रंजूनं डबा एकदा कानाजवळ आडवा केला. “वाजत नाई, नुसतं सरकते. ज्वारीच्या लाह्या.”

काकूंनी चष्मा काढला. “पाहा बाप्पा. काल ही ढ होती, आज तुमची ढ झाली. एका दिवसात डोकं कसं काय बदललं वं सगळ्याईचं?”

साहेबांच्या बायकोचं तोंड तोवर गुळातल्या लाह्यांनी भरलेलं होतं. त्याही हसल्या. काकूंवर रागवायची गल्लीत कुणाला सवय नव्हती.

काकूंचं किराण्याचं दुकान होतं आणि मागे घर. काकाजी गादीवर बसत, बोलत कमी. काकू गादीवर बसत नसत, पण सबंध दुकान त्यांच्याच आवाजावर चाले. रंजूची आई शांताबाई त्यांच्याकडे धान्य निवडायला येई आणि शाळा सुटली की रंजूही तिथंच. माझ्या पप्पांचं कापडाचं दुकान समोर होतं. आमच्या घरात शुद्ध बोलायची शिस्त होती. मी चुकून ‘मले’ म्हटलं तर आई नुसती बघायची. शाळेत इंग्रजी आणि घरी शुद्ध मराठी. दोन्हीकडे चुकायची भीती, म्हणून मी दोन्हीकडे बोलतच नसे. शाळेत बाईंना वाटे, मला येत नाही. नातेवाइकांना वाटे, इतकी फी भरून हिला काही आलं नाही.

एकट्या काकूंना तसं वाटत नसे. त्या मला ‘गुपचुप’ म्हणत. आमच्याकडे पाणीपुरीलाही तेच नाव आहे, त्यामुळे हाक मारली की रस्त्यावरचा ठेलेवालाही वळून बघे. डबा ओळखायची वेळ आली की काकू सगळ्या मुलींचं ऐकून घेत आणि मग दाराशी माझ्याजवळ येऊन वाकत. “बोल गुपचुप, कानात.” मी कानात सांगे. बरोबर असेल तर त्या मोठ्यानं म्हणत, “या पोरीचं तोंड बंद हाये, डब्यासारखं. म्हून काय आत काही नाई?”

केकच्या त्या प्रकरणानंतर काकूंनी एक नवीन रीत काढली. रविवारी दुपारी दुकानाच्या मागच्या पडवीत आम्ही सगळ्या रांगेत बसायचो, डोळे मिटायचे, हात पुढे करायचा. काकू तळहातावर काहीतरी ठेवत आणि म्हणत, “खा, मंग सांग.” जायफळाचा कपचा, काळा मनुका, चारोळी, कधी सॉसचा थेंब. दुकानातलं संपलं की त्यांनी घरोघरची भांडी मागवायला सुरुवात केली. शांताबाईकडची अंबाडीची भाजी आली, आमच्याकडच्या नूडल्स आल्या. अंबाडीच्या आंबट घासाला साहेबांच्या मुलीनं डोळे घट्ट मिटून सगळा चेहरा गोळा केला आणि मग आणखी मागितली. नूडल्स खाऊन रंजू गंभीरपणे म्हणाली, “ही शेवईच हाये काकू. कोनं तरी तिखट करून बिघडवली.”

आईला हे फारसं रुचत नव्हतं. “काकू, कुणाच्या घरचं काय, कसं केलेलं असतं…” तिनं एकदा सुरुवात केली.

“तुया घरचं रंजीच्या घरी गेलं तवा शांता काही बोलली का?” काकू म्हणाल्या. “अन् पाह, जे जिभेवर गेलं नाई ते पोरगी ओळखीन कशी? तुया घरात धा जिनसा येतात, तिच्या घरात दोन. मंग तुई पोरगी धा सांगते अन् तिची दोन. तू म्हणते हुशारी. मी म्हणतो बाजार.”

आई यावर म्हणाली की, असं असलं तरी चांगल्या घरात मुलांना चांगलं वळण मिळतं, खाणंपिणं मिळतं, पुस्तकं मिळतात, त्याचा डोक्यावर परिणाम होणारच. काकूंनी हे मान्य केलं. त्यांचं हे मला आवडायचं. वादात समोरच्याचं खरं असेल तर त्या लगेच घेऊन टाकत, सुटे पैसे घ्यावेत तसं. “होते ना परिणाम,” त्या म्हणाल्या. “उपाशी लेकराले पाढे नाई येत, मी नाई कुठं म्हणतो? पण आमच्या बापाघरी बी पैसा होता वं. कापसाची जिनिंग होती आमची. माह्या भावाले वर्धेले ठेवलं, मले सातवीत घरी बसवलं. गुरुजी म्हणत, हिले डोकं नाई. पैशानं हुशारी येते म्हणते, तं मंग माह्या वाटची कोनाकडं गेली?”

एवढं बोलून त्यांनीच चष्मा काढला, त्यामुळे आईलाही हसावं लागलं. पण नंतर डाळ पाखडताना काकू बराच वेळ गप्प होत्या, ते मी पाहिलं होतं. गप्प माणसाला दुसऱ्याचं गप्प असणं लवकर दिसतं.

मी चौथीत असताना आमच्या शाळेनं ठरवलं की आसपासच्या गावांतल्या एका मुलीला फी न घेता घ्यायचं. घर गरीब हवं आणि मुलगी हुशार हवी. हुशारी पाहायला छोटी मुलाखत होती. काकूंनी ही बातमी ऐकली आणि त्या दिवसापासून रंजूच्या वेण्या त्याच घालू लागल्या. शांताबाई घाबरली होती. “आपल्याले झेपन का काकू? तिथं इंग्रजी बोलतात.”

“ही गुपचुप तिथं चार वर्षांपासून एक अक्षर बोलली नाई,” काकू माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या. “हिचं चालते तं रंजीचं काऊन नाई चालन?”

मुलाखतीच्या दिवशी मला वर्गातून बोलावून रंजूशेजारी बसवलं, तेवढीच तिला ओळखीची सोबत. एक बाई चित्रांची कार्डं दाखवत होत्या आणि प्रश्न विचारत होत्या. रंजू काही सांगत होती, काही सांगत नव्हती. बाई वाईट नव्हत्या. त्यांनी तिला बिस्किटही दिलं. पण संध्याकाळी निरोप आला तो असा, की मुलगी गोड आहे, पण बुद्धी जरा कमी पडते, साधं समोरचं चित्र तिला कळत नाही. घरचं वातावरण तसं असलं की होतं असं, तिचा दोष नाही.

शांताबाईनं मान हलवली, जणू कुणी तिला तिच्याच घराचा पत्ता सांगितला. “खरंच असन काकू. आमच्याच घरची हाये ते.”

रंजू रडली नाही. ती दुसऱ्या दिवशी तिच्या मराठी शाळेतच गेली नाही. तिसऱ्या दिवशी आईसोबत धान्य निवडायला बसली. रविवारी आम्ही डोळे मिटून हात पुढे केले, तेव्हा ती सुपापाशीच बसून राहिली. काकूंनी बोलावलं तर म्हणाली, “मले नाई समजत काकू. तुमी त्याईलेच द्या.” शाळेत आता जायचंच नाही, असं तिनं आईला सांगून टाकलं होतं, आणि आईनंही बरं म्हटलं होतं. दोन हात वाढले तर कुणाला नको असतात.

काकूंनी त्या रविवारी चष्मा काढलाच नाही. हातातलं सगळं पुन्हा बरणीत ओतलं आणि मला म्हणाल्या, “उद्या तुया शाळेत येतो मी. ऑफिस कुठं हाये ते दाखवजो. दाखवाले तं बोलाव लागत नाई ना?”

दुसऱ्या दिवशी सकाळच्या हिंगणघाट एस.टी.त काकू, रंजू आणि मी. काकूंच्या मांडीवर तोच खाऊचा डबा, वर फडकं बांधलेलं. एप्रिल महिना, खिडकीतून गरम वारा, आणि डब्यातून एक गोड, जड, आंबूस वास सबंध गाडीभर पसरत चाललेला. कंडक्टर तिकीट फाडता फाडता थांबला. नाक वर करून त्यानं एक श्वास घेतला.

“माय, हा वर्धा जिल्हा हाये. इथं दारूबंदी हाये. डब्यात काय हाये?”

“ओळख,” काकू म्हणाल्या.

मागच्या बाकावरचे दोन म्हातारे एकदम जागे झाले. एक म्हणाला, “हातभट्टीचा माल बाप्पा डब्यात नाई नेत, टायरच्या ट्यूबमधी नेतात.” दुसरा म्हणाला, “तुले बरं माहीत.” काकूंनी चष्मा काढला आणि झाकण बोटभर उघडून कंडक्टरच्या नाकाशी नेलं. आत मोहाची वाळवलेली फुलं होती. रंजूच्या आजीनं गिरडच्या जंगलाकडून नुकतीच वेचून धाडलेली.

“फुलंच हायेत तं,” कंडक्टर जरा नाराज होऊन म्हणाला. मग त्यानं दोन तोंडात टाकली.

बेत सोपा होता. मोठ्या मॅडमच्या, म्हणजे मुख्याध्यापिकांच्या, टेबलावर डबा ठेवायचा आणि म्हणायचं, ओळखा. त्यांना येणार नाही. मग सांगायचं की आमच्या रंजीलेही तुमची चित्रं अशीच नाई आली. काकूंनी हे एस.टी.त मला दोनदा म्हणून दाखवलं, एकदा मराठीत आणि एकदा हिंदीत, कारण मॅडमना मराठी येत नव्हती. त्या कुठल्या, हे आम्हाला कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. शाळेत त्या इंग्रजी आणि हिंदी बोलत आणि मुलं त्यांना पाहून भिंतीकडेनं चालत.

ऑफिसात पंखा फिरत होता. काकूंनी नमस्कार केला, डबा टेबलावर ठेवला, फडकं सोडलं, झाकणावर हात ठेवला आणि म्हणाल्या, “मॅडमजी, बिना खोले पहचानिए इसमें क्या है. हिला के देखो.”

मॅडमनी डबा हलवला नाही. त्या काकूंकडे बघत होत्या, रागावणार असंच मला वाटलं. मग त्यांचं बघणं थांबलं. त्यांनी डोळे मिटले.

“महुआ,” त्या म्हणाल्या.

काकूंचा हात झाकणावर तसाच राहिला. आजवर त्यांचा डबा असा, न हलवता, एका श्वासात कुणी ओळखला नव्हता. सगळा बेत तिथंच संपला. काकूंचा चेहरा अगदी हरलेल्या मुलीसारखा झाला होता.

मॅडमनी स्वतःच झाकण काढलं. एक फूल तळहातावर घेतलं. मध्य प्रदेशातल्या कुठल्याशा जंगलपट्टीतलं त्यांचं गाव, पहाटे आईमागे टोपली घेऊन जायचं, झाडाखाली टपटप पडलेली फुलं वेचायची, हे त्या तुटक तुटक सांगत होत्या, काकूंना सांगत होत्या की फुलाला, ते कळत नव्हतं. “स्कूल में पहले दिन,” त्या म्हणाल्या, “मुझसे पूछा था, ब्रेकफास्ट में क्या खाती हो. मैंने कहा महुआ. सब हँसे.”

“वही तो,” काकू टेबलावर हात आपटून म्हणाल्या. सगळी हिंदी विसरून पुढचं त्या आपल्याच बोलीत बोलल्या. “ज्यानं चाखलं त्यालेच कळते माय. तुमी बी रंजीच हायेत.”

मॅडम हसल्या. त्यांना हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं. पण मग त्यांनी फूल डब्यात ठेवलं आणि सरळ बसल्या. जागा एकच आहे, त्या म्हणाल्या, आणि दुसऱ्याही मुली आहेत. ओळखीच्या फुलावरून जागा कशी द्यायची? चित्रात समोर दिसतं तेही हिला सांगता आलं नाही, असं बाई म्हणतात. मी आता हिला काय विचारू, तुम्हीच सांगा.

काकूंनी फडकं उचललं आणि डब्याला बांधायला घेतलं. रंजू जमिनीकडे बघत होती.  आणि खोलीत बोलायला आता कोणीच उरलं नव्हतं, म्हणून मी बोलले. इंग्रजीत. दोन-तीन वाक्यं असतील. माझा आवाज मला अनोळखी वाटला. मॅडम माझ्याकडे बघत राहिल्या, मग त्यांनी शिपायाला पाठवून कार्डं मागवली, एक कार्ड बराच वेळ समोर धरलं, आणि आम्हा दोघींना बाहेर पाठवून अर्धा तास एकट्या रंजूशी बोलल्या. काय बोलल्या ते आम्हाला बाहेर ऐकू आलं नाही. रंजूचा आवाज मात्र येत होता.

जूनपासून रंजू माझ्यासोबत हिंगणघाटला येऊ लागली. पहिलं वर्ष तिला फार जड गेलं. नंतर ती गणितात माझ्या पुढे गेली आणि वर्गातल्या बडबडीत सगळ्यांच्याच पुढे. आमच्या आया एकमेकींना आमचे मार्क विचारू लागल्या. साहेबांच्या बायकोनं बदली होऊन जाताना काकूंना एक मोठा केक आणून दिला आणि म्हटलं, “हा डब्यात नका ठेवू.”

काकू ही गोष्ट वर्षानुवर्षं सांगत राहिल्या. गिऱ्हाइकाला, पाहुण्याला, केळझरच्या गणपतीला जाताना गाडीतल्या अनोळखी बाईला. गोष्टीत कंडक्टर होता, दारूबंदी होती, मॅडमचे मिटलेले डोळे होते. दर वेळी मोहाचा वास जरा वाढत जाई. “त्या एका फुलानं पोरगी शाळेत गेली,” असा शेवट असे. मग त्या माझ्याकडे वळत. “अन् ही गुपचुप मधात काहीतरी इंग्रजी बोलली वं. काय बोलली होती तू?”

“काही नाही काकू,” मी म्हणायची. एक तर लोकांसमोर मला पुन्हा बोलायचं नसे. दुसरं म्हणजे, त्यांच्या गोष्टीत त्या फुलाला जो मान होता, तो मला फार आवडायचा.

मी नागपूरला शिकायला गेले, रंजू पॉलिटेक्निकला. दर दिवाळीला मी काकूंकडे जायची. त्या अजूनही डोळे मिटायला लावत आणि हातावर काहीतरी ठेवत. माझ्या ऑफिसात पुढे एकदा कुणीतरी जेवताना म्हणालं, की हुशार मुलं शेवटी चांगल्याच घरांतून येतात, आकडेच तसे आहेत. मी तेव्हा त्यांना विचारलं, हे आकडे काढताना कुठल्या घरातल्या मुलांना काय काय विचारलं होतं? हे विचारणं मला काकूंनी शिकवलं. आकडे खरे असतील. काकूही ‘होते ना परिणाम’ म्हणाल्याच असत्या. आणि मग त्यांनी डबा पुढे केला असता.

काकाजी गेल्यावर त्यांच्या मुलानं काकूंना आपल्याकडे पुण्याला न्यायचं ठरवलं. दुकान विकलं होतं. मी भेटायला गेले तेव्हा पडवी रिकामी होती, बरण्या पोत्यात बांधलेल्या. काकू खाटेवर बसल्या होत्या, लहान झालेल्या, पण नजर तशीच. माझ्यासाठी त्यांनी खोबऱ्याची वडी ठेवली होती आणि ती उघडउघड बशीत ठेवली होती.

“आता पुन्यात मले कोन काय पुसते,” त्या म्हणाल्या. “तिथं सून सगळं लेबल लावून ठेवते.” त्या हसल्या, पण चष्मा तसाच होता. मग माझा हात धरून म्हणाल्या, “गुपचुप, एक सांग. मी मरन अन् मले माहीत नाई राहीन. मॅडम ते फूल पाहून हसली, पण देणार नव्हती वं जागा. मले माहीत हाये. मी हरली होती. तू काय बोलली होती तिले?”

म्हणजे त्यांना इतकी वर्षं ठाऊक होतं. शेजारच्या खोलीत सून, मुलगा, सामान बांधणारी माणसं होती. मी आवाज खाली घेतला नाही. आईनं कधी बोलू दिली नाही त्या काकूंच्या बोलीत, मोठ्यानं मी म्हटलं,

“कार्डावर नळाचं चित्र होतं काकू. त्याची वरची फिरवाची चावीच चित्रात नव्हती. बाईनं पुसलं, याच्यात काय नाई? रंजी म्हणे, पाणी. त्याईनं ते चुकीचं धरलं. मी मॅडमले म्हटलं, आमच्या समुद्रपूरचे नळ येऊन पाहा, तिचंच बरोबर हाये.”